पवलगढचा ब्रह्मचारी

शिकारकथा वाचताना वाचक नेहमी बंदुकीच्या दस्त्याकडच्या बाजूला उभा असतो. नळीच्या तोंडाशी कोण आहे आणि त्याने काय अपराध केला आहे, हा विचार गोष्ट संपल्यावर सुचतो. आणि गोष्ट चांगली रंगली असेल तर तेव्हाही सुचत नाही. मचाण, चांदणे, आमिष म्हणून बांधलेला रेडा, एकाएकी थांबलेली रातकिड्यांची किरकिर एवढी सामग्री जमली की आपण सुखाने शहारतो, आणि वाघ पडला की चकलीचा पुढचा तुकडा तोंडात टाकतो. मीही असाच वाचक आहे, आणि हे व्यसन सोडण्याचा माझा मुळीच विचार नाही. परंतु ह्या वाङ्मयप्रकाराचा मुकुटमणी म्हणावा असा जिम कॉर्बेटचा ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ हा ग्रंथ मी अलीकडे पुन्हा सावकाश वाचला, आणि त्यातल्या चौथ्या प्रकरणापाशी अडलो. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटते.

हे पुस्तक दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४४ साली, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने आपल्या मुंबईतून प्रसिद्ध केले. लेखक नैनीतालला १८७५ साली जन्मलेला, कुमाऊंच्या डोंगरांत वाढलेला. आज त्याच्या नावाने दोन पक्ष भांडतात. शिकारीचे कैवारी म्हणतात, बघा, वाघांसाठी पहिले राखीव रान मागणारा माणूस शिकारीच होता! विरुद्ध पक्ष म्हणतो, अहो, तो पुढे सुधारला. वाल्याचा वाल्मीकी झाला. दोन्ही पक्षांना पुस्तकाची आठवण फार पुसट राहिलेली दिसते. कारण ह्या पुस्तकातला वाल्या आणि वाल्मीकी एकाच घरात, एकाच चुलीवर जेवतात. लेखकाने त्यांची वाटणी केलेली नाही, आणि माझ्या मते हाच त्याचा मोठेपणा आहे.

पहिली कथा चंपावतच्या वाघिणीची. १९०७ सालची ही हकीकत. नेपाळात आणि कुमाऊंत मिळून ४३६ माणसे ह्या एका वाघिणीने मारली, असे कॉर्बेट सांगतो. तिच्यामागे जाण्यापूर्वी त्याने सरकारला दोन अटी घातल्या: वाघिणीवर लावलेले बक्षीस रद्द करा, आणि तिच्यामागे लागलेले इतर सारे शिकारी परत बोलवा. बक्षिसासाठी मारणारा अशी आपली गणना होऊ नये, आणि चुकून कोणाची गोळी आपल्याला लागू नये, ही त्यामागची कारणे. पहिल्या अटीत माणसाचा स्वाभिमान दिसतो, दुसऱ्या अटीत व्यवहारी शहाणपण. आणि दोन्ही एकाच सुरात सांगण्याची कॉर्बेटची जी रीत आहे तीवर मी लुब्ध आहे.

पण ह्या कथेचा खरा शेवट वाघीण मेल्यानंतर येतो. तिचा जबडा उघडून पाहतात तो उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटलेला, खालचा पार मुळापर्यंत गेलेला. फार पूर्वी कोणा शिकाऱ्याची गोळी तिथे बसली होती. रानातले जनावर धरणे त्या दातांनी जमेना, म्हणून ती माणसांकडे वळली. म्हणजे ४३६ माणसांच्या मृत्यूची गोष्ट ज्या गोळीने संपली, तिच्या कितीतरी आधी ती तशाच एका गोळीने सुरू झाली होती! कॉर्बेट हे दोनचार वाक्यांत सांगतो आणि पुढे जातो. दुसऱ्या एखाद्या लेखकाने इथे पानभर उद्गारचिन्हे पेरली असती. मुक्तेश्वरची वाघीण काय, मोहानचा वाघ काय, तिथे साळिंदराचे काटे निघाले. मेलेल्या जनावराच्या अंगावर कॉर्बेट आधी त्याच्या गुन्ह्याचे कारण शोधतो. लांबी मोजण्याची टेप नंतर येते.

मोहानच्या वाघाची कथा तर नीतीच्या दृष्टीने फारच कठीण आहे. तो नरभक्षक झोपलेला सापडला, आणि कॉर्बेटने त्याला झोपेतच गोळी घातली. पुढे तो स्वतःशीच वाद घालतो. वाघ नरभक्षक होता, त्याला जागा करून आणखी कोणाचा जीव धोक्यात घालण्यात अर्थ नव्हता, हे सगळे त्याला पटते. आणि तरीही आपण त्याला उठवून संधी दिली नाही ही बोच जात नाही. मला विचाराल तर ही बोच अस्थानी आहे. ज्या गावाच्या बायका गवत कापायला जायला भितात, त्या गावाचे काम करताना खेळाचे नियम कशाला हवेत? पण खेळाडूची नीती आणि राखणदाराची नीती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ह्या एका पानात जितके स्वच्छ दिसते तितके मोठमोठ्या व्याख्यानांत दिसत नाही. ठाकच्या वाघिणीला १९३८ साली त्याने नराची साद घालून जवळ बोलावले, तेव्हाही हाच पेच आहे. चौगढला तर त्याने आधी चुकीचे जनावर मारले. आई समजून तिची वाढलेली पोर. हेही त्याने लपवलेले नाही. त्याच चौगढच्या वाघिणीशी पुढे तोंडातोंडी गाठ पडली तेव्हा साहेबांच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी होती! पक्ष्यांची अंडी जमवण्याचा नाद. अंडी सांभाळत एका हाताने बंदूक हळूहळू फिरवून त्याने ती वाघीण पाडली. हा प्रसंग घरात मोठ्याने वाचावा, लहान मुलेही श्वास रोखून ऐकतात.

आता चौथे प्रकरण. ह्याचा नायक ‘पवलगढचा ब्रह्मचारी’. ह्या वाघाने एकाही माणसाला मारलेले नाही. तो अवाढव्य होता, एवढाच त्याचा दोष. १९२० ते १९३० ही दहा वर्षे संयुक्त प्रांतातला प्रत्येक हौशी शिकारी त्याच्यावर डोळा ठेवून होता. आणि १९३०च्या हिवाळ्यात कॉर्बेटने त्याला मारले. त्याआधी जखमी केले, मग माग काढला, म्हशींचा कळप मदतीला घेतला, आणि अखेर साधले. लांबी भरली दहा फूट सात इंच. आधीच्या आणि नंतरच्या कथांत गावकऱ्यांचे रडणे आहे, ओसाड पडलेली शेते आहेत. इथे रान आहे, वाघ आहे, आणि एका माणसाची इच्छा आहे. कथा अतिशय सुंदर सांगितलेली आहे, रानातल्या सकाळचे असे वर्णन क्वचितच वाचायला मिळते. आणि त्या सौंदर्याच्या मध्यभागी एक निष्कारण मृत्यू आहे. मोहानच्या झोपलेल्या नरभक्षकासाठी जो माणूस हळहळतो, तो इथे का हळहळत नाही? उत्तर असे की ब्रह्मचाऱ्याला ‘संधी’ मिळाली होती. खेळाचे नियम पाळले गेले होते. नियम पाळले की मन स्वच्छ!

संधी ही कल्पनाच मला तपासून पाहण्यासारखी वाटते. ती कोणी दिली, आणि घेणाऱ्याने मागितली होती का? आपल्याकडे हा वाद जुना आहे. ‘शाकुंतला’चा पडदा उघडतो तोच हरणामागे धावणाऱ्या राजाच्या रथावर, आणि त्याला अडवायला तपस्वी आडवे येतात. पुढच्या अंकात सेनापती मृगयेचे गुण गातो आणि विदूषक तिला वैतागतो. कालिदासाने निर्णय दिलेला नाही, पण अंगदुखीने कण्हणाऱ्या विदूषकाच्या तोंडी सगळी मौज ठेवली आहे. भाषाही पाहा. राजाने केली तर मृगया, साहेबाने केली तर शिकार, आणि पोटासाठी केली तर पारध. आणि पारध करणाऱ्या जमातीला ब्रिटिशांच्या कायद्याने गुन्हेगार ठरवले! १८७८च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाच्या हाती परवान्याशिवाय बंदूक राहिली नाही. तेव्हा नरभक्षक आला की गावाने साहेबाची वाट पाहायची, हे ओघानेच आले. कॉर्बेटचे गावकऱ्यांवर मनापासून प्रेम होते ह्यात शंका नाही, पण त्या प्रेमाच्या मुळाशी असलेला हा कायदा त्याच्या कथांत कुठे दिसत नाही. ‘पिपल पानी’चा वाघ त्याने पिल्लू असल्यापासून ओळखला होता. एका गावकऱ्याच्या बंदुकीने तो जखमी झाला, आणि आता हा नरभक्षक होईल ह्या भीतीने कॉर्बेटनेच त्याला मारले. म्हैस वाचवू पाहणाऱ्या त्या गावकऱ्याची बाजूही कोणी लिहायला हवी होती.

शिकाऱ्यांनीच राने राखली, हा दावा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. कॉर्बेटच्या खटपटीने १९३६ साली हेली नॅशनल पार्क झाले, तेच पुढे त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ तिथेच झाला. आपल्या दाजीपूरचे रान कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान होते. संस्थानी पहारा होता म्हणून ते टिकले, आणि १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाले. भरतपूरचे तळे बदकांच्या शिकारीसाठी राखले होते. तिथल्या शिलालेखावर १९३८च्या नोव्हेंबरातल्या एका दिवसाचा हिशेब कोरला आहे: ४२७३ पक्षी. मुख्य पाहुणे व्हाइसरॉय लिनलिथगो. आज त्याच तळ्याकाठी लोक दुर्बिणी घेऊन बसतात. तळे राहिले हे खरेच.

पण चित्ता राहिला नाही. कोल्हापूरकरांइतका चित्त्यांचा शौक क्वचितच कोणी केला असेल. काळविटांवर सोडायला चित्ते बाळगायचे, आणि देशातले मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणायचे. १९४७ साली आताच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानात महाराजांनी तीन चित्ते मारले, आणि १९५२ साली हे जनावर हिंदुस्थानातून नाहीसे झाल्याचे जाहीर झाले. कुनोला २०२२ पासून पुन्हा आफ्रिकेतलेच चित्ते आणून सोडले आहेत. शौकाने रान राखले जाते तसे संपवलेही जाते, आणि दोन्हीचे श्रेय एकाच खात्यावर मांडायला हवे. बलुचिस्तानात तोरघरच्या डोंगरात १९८०नंतर पठाणांनी आपसांतली शिकार बंद केली, वर्षाकाठी मोजके मारखोर परदेशी पाहुण्यांना भरपूर पैसे घेऊन मारू दिले, त्या पैशांवर राखणदार ठेवले, आणि मारखोर वाढले. हे मी मान्य करतो. मात्र हे समर्थन पैसे घेणाऱ्या पठाणाचे आहे. गोळी झाडणाऱ्या पाहुण्याला ते लागू करायचे झाल्यास त्याने पैसे देऊन बंदूक घरीच का ठेवली नाही, एवढे सांगितले पाहिजे.

मग शिकाऱ्याकडून घेण्यासारखे काय उरते? माझ्या मते रान वाचण्याची विद्या. कोणते पान कधी दबले, भेकर कशाला भुंकले, वानराने कोणत्या फांदीवरून खाकरून सांगितले, हे कॉर्बेट ज्या तपशिलाने सांगतो त्याला तोड नाही. ह्या विद्येला गोळीची गरज नसते हेही त्याला ठाऊक होते. पुस्तकाचे शेवटचे प्रकरण त्याने कॅमेऱ्याला दिले आहे. वाघाच्या कातड्यापेक्षा वाघाच्या चित्राचा आनंद अधिक जणांना मिळतो, असा त्याचा मुद्दा. आणि रानातल्या ओढ्याकाठी त्याने वाघांची चलच्चित्रेही घेतली. वनाधिकारी चँपियन ह्याने तर त्याच्याआधीच, १९२७ साली, कॅमेऱ्याने टिपलेल्या वाघांचे पुस्तक काढले होते. मराठीतही हा बदल आपण पाहिला आहे. शिकारीची आवड असलेले व्यंकटेश माडगूळकर पुढे वही घेऊन नागझिऱ्यात जाऊन बसले आणि वानरांवर ‘सत्तांतर’सारखी कादंबरी देऊन गेले. मारुती चितमपल्लींनी आदिवासींच्या तोंडून रानाची भाषा गोळा केली. चौथे प्रकरण ज्या वाचकाला रुतते, त्याला ही पुस्तके हाती घ्यावीशी वाटतील.

नरभक्षकाचा प्रश्न मात्र कॅमेऱ्याने सुटत नाही. २०१८ साली यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या रानात ‘अवनी’ नावाच्या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा आरोप होता. शोध महिनोन्‌महिने चालला. हत्ती आले, कुत्री आली. शेवटी २ नोव्हेंबरच्या रात्री खाजगी शिकाऱ्यांच्या पथकाने तिला मारले. मागे दोन पिल्ले राहिली. नंतरचा वाद वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचला आहे: भुलीचा बाण मारला होता की नव्हता, बाहेरचे शिकारी का बोलावले, रात्रीच का. शहरातल्यांनी मेणबत्त्या लावल्या. कापसाच्या शेतात जाणाऱ्या बायांचे मत फार थोड्यांनी विचारले. मला त्या दिवसांत कॉर्बेटच्या दोन अटी आठवत होत्या. बक्षीस नको, गर्दी नको. १९०७ साली एका तिशीतल्या माणसाने सरकारकडून त्या मान्य करून घेतल्या होत्या.

मराठीत कॉर्बेटचे अनुवाद आहेत, आणि मुलांसाठी त्याच्या कथा निवडून काढलेल्याही दिसतात. निवडीत चंपावत असते, रुद्रप्रयागचा बिबळ्या असतो. तसा पवलगढचा ब्रह्मचारीही असावा, आणि त्याच्या पाठोपाठ शेवटचे कॅमेऱ्याचे प्रकरण. घरात वाचणाऱ्याने ह्या दोहोंच्या मध्ये थोडे थांबावे. कोणीतरी पोर विचारेलच, की ह्या वाघाने काय केले होते?