मत गेलं कुठं, मेहदी गेला कुठं

माझं मत चोरीला गेलं, असं म्हणणाऱ्या माणसाची मोठी पंचाईत असते. सायकल चोरीला गेली तर पोलिसांना तिचा रंग तरी सांगता येतो. मताचं काय सांगणार? ते गुप्त असतं. पेटीत पडलं की सारख्याच दिसणाऱ्या हजारो कागदांतला तो एक कागद. त्यावर नाव नसतं, वास नसतो, खूण नसते. म्हणून 'माझं मत कुठंय?' हा प्रश्न फलकावर लिहायला सोपा आहे, पण पडद्यावर किंवा पानावर दाखवायला महाकठीण.

जून २००९ मध्ये तेहरानमध्ये लाखो माणसं नेमका हाच प्रश्न हातात धरून चालत होती. 'रय-ए मन कोजास्त?' त्या आंदोलनावर गेल्या दीड दशकात बरंच काही निघालं. त्यातल्या तीन गोष्टींबद्दल इथं लिहितोय : 'झहराज पॅराडाइज' हे वेबकॉमिक, 'द ग्रीन वेव्ह' ही डॉक्युमेंटरी आणि जाफर पनाहींची 'धिस इज नॉट अ फिल्म'. तिघांपुढेही अडचण तीच होती. जी वस्तू दिसतच नाही तिच्यावर कलाकृती कशी करायची?

आधी थोडा हिशेब. १२ जूनला मतदान झालं. पेट्या बंद होऊन काही तासही झाले नाहीत तोवर सरकारी वृत्तसंस्थेनं अहमदीनेजाद जिंकल्याचं सांगून टाकलं. त्याच रात्री मीर हुसेन मुसावींनीही आपणच जिंकल्याचं जाहीर केलं. अधिकृत आकड्यांनुसार अहमदीनेजाद यांना सुमारे ६३ टक्के मतं मिळाली, मुसावींना सुमारे ३४. मेहदी करूबी नावाचे आणखी एक उमेदवार होते. २००५ च्या पहिल्या फेरीत त्यांना ५० लाखांहून जास्त मतं होती. या वेळी साडेतीन लाखही नाहीत, म्हणजे बाद झालेल्या मतांपेक्षाही कमी! पुढं खुद्द पालक मंडळानंच मान्य केलं की पन्नासेक शहरांत तिथल्या मतदारांच्या संख्येपेक्षा जास्त मतं पडली होती. खुलासा असा, की इराणमध्ये माणूस कुठल्याही गावात मत देऊ शकतो. दहा टक्के मतपेट्या पुन्हा मोजल्या गेल्या आणि निकाल बरोबर ठरला.

१५ जूनला लोक निघाले ते इन्किलाब चौकातून आझादी चौकाकडं. ही तिथल्या नकाशावरची साधी ठिकाणांची नावं आहेत, पण आपल्या कानाला ती घोषणेसारखीच लागतात.

पाच दिवसांनी, २० जूनला, नेदा आगा-सुलतान या तरुणीला रस्त्यात गोळी लागली आणि मोबाइलवर काढलेली तिच्या मृत्यूची क्लिप जगभर फिरली. ती मिनिटभराचीही नाही. जे कुणाला दाखवता येत नव्हतं त्याला त्या क्लिपनं चेहरा दिला. मत दिसत नाही, रक्त दिसतं. आणि इथूनच या आंदोलनाच्या कलेनं आपली वाट ठरवून टाकली : मतपेटी सोडायची, देहाकडं वळायचं.

त्याची किंमतही लगेच वसूल झाली. नेदाचा फोटो शोधणाऱ्यांना नावात साम्य असलेल्या दुसऱ्याच एका तरुणीचा फेसबुकवरचा फोटो सापडला आणि तोच वाहिन्यांवर, फलकांवर झळकला. ती जिवंत होती. 'ही मी आहे, मी मेलेले नाही' असं तिनं कळवूनही फोटो थांबला नाही. शेवटी तिला देश सोडावा लागला. शहिदाचा चेहरा हवा असलेल्या गर्दीला जिवंत बाईची अडचण व्हायला लागली, याहून कडू गोष्ट त्या उन्हाळ्यातल्या कुठल्याच पटकथेत नाही. तिन्ही कलाकृती वाचता-बघताना मी ती बाजूला ठेवू शकलो नाही.

'झहराज पॅराडाइज' सुरू झालं फेब्रुवारी २०१० मध्ये, इंटरनेटवर. लेखकाचं नाव अमीर, चित्रकाराचं खलील, आडनावं नाहीत. एकाच वेळी अनेक भाषांत पानं येत राहिली आणि २०११ मध्ये पुस्तक झालं. कथा सरळ आहे. १५ जूनच्या मोर्चाला गेलेला एकोणीस वर्षांचा मेहदी घरी परतत नाही. त्याची आई झहरा आणि ब्लॉग लिहिणारा भाऊ हसन त्याला शोधायला निघतात. इस्पितळ, शवागार, एविन तुरुंगाचं दार, हे कार्यालय, ते कार्यालय. नाव आलंय 'बहिश्त-ए-झहरा'वरून. तेहरानच्या दक्षिणेला असलेली ती अवाढव्य दफनभूमी. म्हणजे वाचणाऱ्या प्रत्येक इराणी माणसाला पहिल्या पानापासून माहीत आहे की शोध कुठं संपणार. माहीत नाही ते फक्त आईला.

मला वाटतं, 'मत कुठंय' या प्रश्नाला कलेनं दिलेलं सगळ्यात चलाख उत्तर हे आहे. प्रश्नातला एक शब्द बदलायचा. मत कुठंय ऐवजी मुलगा कुठंय. बाकी वाक्य तेच, आणि उत्तर देणारी खुर्चीही तीच. मत मोजणाऱ्यांनी जसं 'सगळं नोंदीप्रमाणं आहे' म्हणून सांगितलं तसंच मुलगा विचारायला आलेल्या बाईला सांगतात, 'या नावाचा कुणी आमच्या नोंदीत नाही.' दोन्हीकडं कागद खरा आणि माणूस खोटा.

हसन भावाच्या फोटोच्या प्रती काढायला झेरॉक्सच्या दुकानात जातो, झहरा पुन्हा पुन्हा त्याच खिडकीपाशी उभी राहते, या जागा पुस्तकात सर्वांत सच्च्या आहेत. खलीलची काळी-पांढरी रेघ इथं ओरडत नाही. मराठी वाचकाला तर इथं भाषेमुळं आणखी एक धक्का बसतो. झहरा ज्या गोष्टी करत फिरते त्यांना आपण काय म्हणतो? अर्ज, तक्रार, दाद, फिर्याद. हे सगळे शब्द आपल्याकडं फारसीतून आले, काही मुळात अरबी असले तरी फारसीच्याच वाटेनं. 'दाद' म्हणजे फारसीत न्याय, कोर्टाला ते 'दादगाह' म्हणतात. आपण दाद 'मागतो', ती क्वचित 'लागते', हेही आपल्या वाक्प्रचारानंच ठरवून ठेवलंय. कचेरीच्या दारातल्या बाईची सगळी शब्दसंपत्ती आपण त्यांच्याकडूनच घेतलीय. त्यामुळं हे पुस्तक इंग्रजीत वाचताना मनातल्या मनात मराठीत व्हायला वेळ लागत नाही.

पण हे कॉमिक सगळीकडं इतकं संयमी नाही. सत्तेतला माणूस पानावर आला की रेघ लगेच व्यंगचित्राकडं झुकते : दाढी, पोट, लालसा. वर्तमानपत्रातल्या रोजच्या चौकटीत हे चालतं. दोनशे पानांच्या कथेत ते लवकर थकवतं, कारण मग कारकुनाच्या खिडकीतली खरी दहशत विरून जाते. मेहदीचं नाव नोंदीत नाही म्हणून सांगणारा माणूस राक्षस नसतो. त्याला पाच वाजता घरी जायचं असतं. ते त्याच्या तोंडावर दिसलं असतं तर मी जास्त घाबरलो असतो.

या पुस्तकाचं शेवटचं अंग मात्र विलक्षण आहे. कथा संपल्यावर नावांची यादी सुरू होते. इस्लामी प्रजासत्ताकाच्या काळात मारल्या गेलेल्यांची १६,९०१ नावं, डोळे बारीक करावे लागतील अशा टायपात. आता यातली मेख बघा. मुसावी १९८१ ते १९८९ इराणचे पंतप्रधान होते. तुरुंगातल्या राजकीय कैद्यांची १९८८ मधली सामूहिक कत्तल त्याच काळातली. म्हणजे जो माणूस (वास्तुशिल्पी, चित्रकारसुद्धा) २००९ मध्ये हिरव्या झेंड्याखाली लोकांची आशा झाला, त्याच्या पंतप्रधानकीतल्या काळाची नावंही याच यादीत आहेत. पुस्तक त्यावर भाष्य करत नाही. यादी वगळतही नाही. कथेत जे काळं-पांढरं ठेवलं, ते यादीनं आपोआप करडं केलं. २०१३ च्या निवडणुकीत याच झहराला आभासी उमेदवार म्हणून उभं केलं गेलं, तेव्हा मला ती कल्पना आधी गिमिक वाटली. पण यादी आठवली की कळतं, की त्या मैदानात हात स्वच्छ असलेला उमेदवार हवा असेल तर तो काल्पनिकच असावा लागणार होता.

अली समादी अहादी यांची 'द ग्रीन वेव्ह' २०१० ची. जर्मनीत राहणाऱ्या या दिग्दर्शकानं त्या उन्हाळ्यातले ब्लॉग आणि ट्वीट घेतले, त्यांतून आझादे आणि कावे हे दोन विद्यार्थी रचले, त्यांना चित्रं दिली, आणि मधे मधे मोबाइलची दृश्यं व शिरीन एबादींसारख्यांच्या मुलाखती घातल्या. तुरुंगात कॅमेरा नेता येत नाही, म्हणून तिथली साक्ष चित्रांतून सांगायची, ही तडजोड प्रामाणिक आहे. माझी तक्रार वेगळी आहे. चित्रं फार देखणी आहेत. हलणाऱ्या, फुटणाऱ्या, धावत्या माणसाच्या श्वासासकट आलेल्या फोनच्या फुटेजशेजारी ती ठेवली की फुटेज खरं वाटतं आणि साक्ष कथा वाटायला लागते. उलट व्हायला हवं होतं. शिवाय संगीत प्रत्येक वेळी आपल्याआधी रडायला बसतं.

त्याच जूनमधली एक क्लिप होती, यूट्यूबवर फिरलेली. रात्र. जवळपास काहीच दिसत नाही. गच्च्यांवरून लोक 'अल्लाहु अकबर' ओरडताहेत. ही १९७९ च्या क्रांतीतली रीत, त्याच क्रांतीतून आलेल्या सत्तेवर उलटवलेली. आणि कॅमेऱ्यामागून एका तरुणीचा कापरा आवाज बोलत राहतो. चेहरा नाही, नाव नाही, रक्त नाही. 'द ग्रीन वेव्ह'च्या तासा-सव्वातासात जे जमलं नाही ते या अंधारात जमलंय, असं माझं मत आहे.

डॉक्युमेंटरीबद्दल खरा प्रश्न दुसराच आहे, आणि तो कॉमिकलाही लागू होतो. अहमदीनेजादला मत देणारा माणूस कुठंय? तो होता. किती होता यावर भांडण आहे, पण होता. निवडणुकीच्या काही आठवडे आधी एका अमेरिकी संस्थेनं फोनवरून केलेल्या सर्वेक्षणात अहमदीनेजाद मुसावींच्या दुप्पट पुढं होते, भले कितीतरी जणांनी उत्तर द्यायचं टाळलं असेल. फसवणूक झाली असं मानणाऱ्यालाही या माणसाला पुसून टाकता येत नाही. लहान गावातला, पेन्शनवरचा, उत्तर तेहरानच्या गाड्यांकडं लांबून बघणारा. दोन्ही कलाकृतींत तो नाही. आहे तो फक्त दंडुका घेतलेला बसीजचा माणूस. देश दुभंगला होता असं या कलाकृती सांगतात आणि दुभंगाची एकच बाजू दाखवतात. विजयसभेत अहमदीनेजादनी आंदोलकांना 'खस-ओ-खाशाक' म्हटलं, म्हणजे केरकचरा. त्या शब्दानं माणसं पेटून उठली ते योग्यच होतं. पण पलीकडच्या मतदाराला गावंढळ किंवा विकला गेलेला समजून चौकटीबाहेर ठेवणं हीसुद्धा झाडलोटच आहे, जरा सभ्य भाषेतली. ज्याच्या फॅमिली ग्रुपमध्ये निकालाच्या रात्री दोन तट पडलेत त्याला हे वेगळं समजावायला नको.

उरली पनाहींची फिल्म, जी फिल्म नाही. पनाही हिरव्या आंदोलनाच्या बाजूनं उघडपणे उभे राहिले. मार्च २०१० मध्ये अटक, डिसेंबरमध्ये सहा वर्षांची शिक्षा आणि वीस वर्षं चित्रपट करायला बंदी. अपील प्रलंबित असताना, मित्र मुज्तबा मीरतहमास्बच्या मदतीनं, स्वतःच्या फ्लॅटमध्ये, एका कॅमेऱ्यावर आणि आयफोनवर त्यांनी हा दिवस टिपला. मग पेनड्राइव्ह केकमध्ये लपवून तो २०११ च्या कानला पोचवला गेला, ही कथा सगळ्यांनाच ठाऊक असते. केकची गोष्ट इतकी चविष्ट आहे की पुष्कळदा लोक तिथंच थांबतात आणि आत काय होतं ते बघत नाहीत.

आत निवडणुकीचा ऊहापोह नाही, मोर्चा नाही. पनाही गालिच्यावर चिकटपट्ट्या लावून बंदी घातलेल्या पटकथेतली खोली आखतात, थोडं वाचून दाखवतात आणि मधेच थांबतात. पाळलेला इग्वाना पुस्तकांच्या कपाटावर चढतो. बाहेर वर्षाअखेरच्या बुधवारचे फटाके वाजताहेत. पाऊण तासानंतर तुम्हाला कंटाळा येईल. येऊ द्या, फोन खाली ठेवू नका.

कारण शेवटी दारात एक तरुण येतो. इमारतीतला कचरा गोळा करायला. नेहमीचा माणूस नाही, त्याच्या बदली आलेला, कलाशाखेत पदव्युत्तर शिक्षण घेणारा. पनाही कॅमेरा उचलून त्याच्यासोबत लिफ्टमध्ये शिरतात. प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबते, तो दार वाजवतो, पिशवी घेतो, परत येतो. पनाहींना पकडायला लोक आले त्या रात्री तो इथंच होता, आणि ती हकीकत त्याला सांगायची आहे. तो सुरू करतो. मजला येतो. परत सुरू करतो. पुन्हा मजला. गोष्ट पुरी होत नाही.

या पोराच्या अंगावर हिरवी पट्टी नाही, हातात दंडुका नाही. तो नोकऱ्या मोजतो, किती ठिकाणी काम करतो ते सांगतो, शिकून पुढं काय याबद्दल फारशी खात्री नसल्यासारखा हसतो. तिन्ही कलाकृतींत मिळून, जो आधी माणूस आहे आणि मग कुठल्या बाजूचा, असा मला हा एकटाच भेटला. खाली पोचल्यावर बाहेर रस्त्यावर जाळ दिसतो. कॅमेरा घेऊन बाहेर येऊ नका, कुणीतरी बघेल, असं तो पनाहींना सांगतो आणि कचऱ्याचा डबा ओढत फाटकाकडं जातो. दोन वर्षांपूर्वी त्यानं कुणाला मत दिलं होतं, हे पनाही त्याला विचारत नाहीत.