उसन्या नावाची वैमानिक

दुय्यम पात्रांचा माग काढणे हा माझा जुना नाद. नायक-नायिकांवर लिहिणारे पुष्कळ असतात. चार-सहा प्रसंगांत येऊन जाणारी माणसे मात्र कथेचा खरा हिशोब सांगून जातात, असे मला वाचनालयात बसून, टिपणवह्या भरता भरता उमगत गेले. काही वर्षांपूर्वी मुलाच्या आग्रहाने ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही अमेरिकी विज्ञानमालिका पाहायला घेतली, तेव्हाही माझे लक्ष अशाच एका पात्रावर खिळले. हे पात्र म्हणजे लढाऊ वैमानिक लुआन कॅट्रेन. सहकाऱ्यांसाठी ती नुसती ‘कॅट’.

मालिकेची मांडणी थोडक्यात सांगते. ग्लेन लार्सन यांच्या १९७८ च्या मालिकेवरून रोनाल्ड मूर यांनी हे नवे रूप घडवले. डिसेंबर २००३ मध्ये त्याचा दोन भागांचा प्रारंभ दाखवला गेला आणि २००९ मध्ये मालिका संपली. माणसाने निर्माण केलेले सायलॉन नावाचे यंत्रमानव बारा वसाहतींवर अण्वस्त्रांचा मारा करतात. पन्नास हजारांच्या आसपास माणसे काही जहाजांतून निसटतात. गॅलॅक्टिका ही जुनाट युद्धनौका त्यांची राखणदार. ‘३३’ या भागाच्या शेवटी राष्ट्राध्यक्षा रॉझलिन फळ्यावरचा आकडा पुसून ४७,९७३ असा करते, कारण ताफ्यात एक मूल जन्माला आलेले असते. माणसे अशी एकेक करून मोजली जातात, अशा जगात ही गोष्ट घडते.

कॅट आपल्याला भेटते ती एका अपघातामुळे. हँगरमधल्या स्फोटात १३ वैमानिक जातात आणि नवशिक्यांची भरती करावी लागते. ‘अ‍ॅक्ट ऑफ कन्ट्रिशन’ या भागात त्यांना शिकवायला उभी राहते स्टारबक, म्हणजे मालिकेची लाडकी, बेदरकार नायिका. कॅट तिच्यासारखीच उर्मट, हट्टी आणि जिभेने तिखट. पुढे सततच्या उड्डाणांच्या ताणाखाली ती उत्तेजक गोळ्यांच्या आहारी जाते, त्यातून सावरते. ‘स्कार’ या भागात शत्रूचे सर्वांत घातक विमान पाडून ती स्टारबकची अव्वल वैमानिकाची जागा मिळवते. ल्युसियाना कारो या अभिनेत्रीने तिला गोड करण्याचा जराही प्रयत्न केलेला नाही. मला ते आवडले.

खरा पेच येतो ‘द पॅसेज’मध्ये. जेन एस्पेन्सन यांनी लिहिलेला हा भाग ८ डिसेंबर २००६ ला दाखवला गेला. ताफ्याचे अन्न दूषित झाले आहे. खाण्याजोगे शेवाळ असलेला ग्रह सापडला आहे, पण वाटेत ताऱ्यांची दाट गर्दी आणि प्राणघातक किरणोत्सर्ग. नागरी जहाजांना त्यातून स्वतःहून वाट काढता येत नाही. म्हणून प्रत्येक खेपेला एकेका वैमानिकाने एकेका जहाजाला हाताशी धरून पलीकडे न्यायचे. मनगटावरची पट्टी काळी पडली की त्या वैमानिकाने थांबायचे, असा नियम.

याच धामधुमीत एन्झो नावाचा जुना ओळखीचा माणूस कॅटला गाठतो आणि तिचे गुपित फुटते. तिचे नाव लुआन कॅट्रेन नाहीच. ती सॅशा, चोरटी वाहतूक करणारी मुलगी. हल्ल्याच्या सुमारास मेलेल्या एका मुलीचे नाव उचलून ती सैन्यात शिरली. खरी कागदपत्रे असलेले जगच जळून गेल्यावर पडताळणार कोण? हे स्टारबकला कळते आणि ती बजावते की अ‍ॅडमिरल अडामाला तू सांग, नाहीतर मी सांगते. कॅट पट्टीचा काळा रंग लपवून पुन्हा उड्डाण करते, ‘फारू सादिन’ हे जहाज सुखरूप पलीकडे आणते आणि किरणोत्सर्गाने मरते.

या कथेचा सोपा अर्थ असा की खोटे बोलली, प्राण देऊन प्रायश्चित्त घेतले. मला तो पटत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच घरात आहे. हा भाग पाहताना मराठी वाचकाला कर्ण आठवल्याशिवाय राहणार नाही. परशुरामाकडून अस्त्रे मिळवण्यासाठी त्याने आपली ओळख लपवली. ते उघड झाल्यावर शाप मिळाला की ऐन वेळी विद्या आठवणार नाही. खोट्या नावाने मिळवलेली विद्याही खोटी ठरते, असा त्या शापाचा कायदा आहे. कॅटच्या कथेत नेमके उलटे घडते. ऐन वेळी, डोळ्यांपुढे काही धड दिसत नसताना, तिची विद्या तिला सोडून जात नाही. नाव उसने होते, पण उड्डाण तिचे स्वतःचे होते. फारू सादिनवरच्या माणसांना पलीकडे आणणारा हात सॅशाचा की लुआनचा, हा प्रश्न त्या माणसांपुरता तरी निरर्थक आहे.

शिवाय कबुलीजबाब मागते कोण, तेही पाहिले पाहिजे. स्टारबकने स्वतः एकदा खोटा शेरा दिला होता. अडामाचा मुलगा झॅक हा तिचा होणारा नवरा. तो परीक्षेत नापास व्हायला हवा होता, तरी तिने त्याला पास केले आणि तो विमानासकट गेला. ते तिने अडामाला सांगितले ‘अ‍ॅक्ट ऑफ कन्ट्रिशन’मध्येच, म्हणजे कॅट प्रथम दिसते त्याच भागात. लेखकांनी हा धागा मुद्दाम बांधला की नाही यात मी शिरत नाही. पण दोन्ही भाग लागोपाठ पाहिले की कळते, स्टारबकच्या खोट्याने एक माणूस गेला, कॅटच्या खोट्याने एक वैमानिक मिळाली. तरी न्यायासनावर बसते ती स्टारबक.

मात्र या भागावर माझा एक आक्षेप आहे. मरणशय्येवर कॅट अडामाला खरे सांगू पाहते, तेव्हा तो तिला थांबवतो. तू काहीही सांगितलेस तरी फरक पडणार नाही, अशा अर्थाचे बोलतो आणि तिला वैमानिकांच्या प्रमुखाचे पद देतो. प्रसंग हेलावणारा आहे. पण न ऐकता केलेली क्षमा ही अर्धी क्षमा असते. ती जगली असती तर? तिच्या खऱ्या नावासकट तिला रोज भोजनकक्षात समोर बसवून घेण्याची वेळ ताफ्यावर आली असती. लेखिकेने त्या कसोटीतून सर्वांनाच सोडवले. मेलेल्याला मोठे मन दाखवणे सोपे असते.

हे कर्ज मालिकेने तीन महिन्यांनी फेडले, असे मला वाटते. मार्च २००७ मध्ये तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस कर्नल टायला कळते की आपण स्वतःच सायलॉन आहोत. तो ठरवतो की काहीही असलो तरी आपण या ताफ्याचे अधिकारी आहोत, आणि कामावर रुजू होतो. कॅटने कृतीने दिलेले उत्तर टाय शब्दांत मांडतो. फरक इतकाच की त्याला त्या उत्तरासह जगावे लागते.

मला हा विषय का सुटला नाही, तेही सांगते. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले, आणि बावीस वर्षे वापरलेले नाव शाळेच्या दाखल्यापुरते उरले. नवे नाव मी मागितले नव्हते. आज मात्र त्याच नावाने मी लिहिते, सही करते, भांडते. पहिल्या नावाने कुणी हाक मारली तर वळून पाहायला क्षणभर उशीर होतो. माझे नाव दुसऱ्यांनी बदलले, कॅटने स्वतः बदलले. माझ्या बदलाला मंगलाष्टके, तिच्या बदलाला गुन्हा. तेव्हा खरे नाव म्हणजे जन्माचे नाव, हे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

गॅलॅक्टिकाच्या एका बोळात मृतांची छायाचित्रे लावलेली भिंत आहे. शेवटी स्टारबक कॅटचे छायाचित्र तिथे लावते. ती सॅशाही नाही आणि लुआनही नाही. ती कॅट. हे टोपणनावही उसन्या आडनावातून आलेले आहे. पण रेडिओवर त्या हाकेला ओ देणारी दुसरी कुणी नव्हती.