आवाज पुसा, पण नोंद ठेवा

जुलै २०२५ मध्ये क्लिप्स या अमेरिकी रॅप जोडीचा ‘लेट गॉड सॉर्ट एम आउट’ हा अल्बम आला, पण ज्या कंपनीशी करार होता तिच्याकडून नव्हे. पुशा टी आणि मॅलिस या भावांनी त्यातल्या ‘चेन्स अँड व्हिप्स’ या गाण्यात केंड्रिक लामारला पाहुणा म्हणून बोलावले होते. पुशा टीने मुलाखतीत सांगितल्याप्रमाणे डेफ जॅम कंपनीला लामारचे कडवे सौम्य करून हवे होते, नाहीतर ते गाणेच नको होते. डेफ जॅम ही युनिव्हर्सल म्युझिकची शाखा. लामारच्याच एका गाण्यावरून रॅपर ड्रेकने जानेवारी २०२५ मध्ये युनिव्हर्सलवर बदनामीचा दावा लावला होता. भावांनी पैसे मोजून करार सोडवून घेतला आणि अल्बम रॉक नेशनमार्फत काढला. कडवे वाचले, कारण दोघांच्या गाठीशी नाव होते आणि पैसाही होता. ज्यांच्याकडे या दोन्ही गोष्टी नसतात त्यांचे आवाज मुकाट्याने जातात, आणि गेल्याचे कुणाला कळतही नाही. कंपन्यांच्या भांडणात आवाज बदलणे ही केवळ अमेरिकेची किंवा केवळ रॅपची गोष्ट नाही. मुंबईच्या ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातही ती सापडते. करारामुळे आवाज बदलण्याचा हक्क कंपनीला मिळत असेलही, पण बदल झाल्याचे लपवण्याचा हक्क कोणत्याही कराराने मिळता कामा नये, असे माझे म्हणणे आहे.

ध्वनिमुद्रणापूर्वी आपल्याकडे ही अडचण फारशी नव्हती, कारण कर्त्याचे नाव रचनेच्या आतच असे. अभंगाच्या शेवटी संतांची नाममुद्रा येते, पोवाड्याच्या शेवटच्या चौकात शाहीर स्वतःचे नाव गुंफतो. रचना टिकली की नाव टिकले. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानने आपल्या पहिल्या तबकड्या गायल्या तेव्हा गाण्याच्या शेवटी तिने आपले नाव उच्चारले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कामगारांना कोण गाते आहे ते कळणे भाग होते. पुढे हे काम तबकडीवरच्या कागदी चकतीकडे गेले, आणि ती चकती कंपनीच्या मालकीची होती. १९४९ च्या ‘महल’मधले ‘आयेगा आनेवाला’ लता मंगेशकर यांनी गायले, पण पहिल्या तबकड्यांवर नाव छापले गेले ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केली तेव्हा गायिकेचे खरे नाव पुढे आले. तिथे आवाज शाबूत होता, फक्त नाव गेले होते. तरीही गाणे कोणाचे हे ठरवण्याची किल्ली गाणाऱ्याच्या हातून सुटली, ती तेव्हाच.

पुढच्या तंत्राने आवाजही सुटा केला. पन्नासच्या दशकात गायक आणि पूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी, एकाच मुद्रणात वाजत. एक आवाज काढायचा तर सगळे पुन्हा बसवावे लागे. मल्टिट्रॅक आले आणि गायकाचा आवाज स्वतंत्र पट्टीवर गेला. ती पट्टी खाली केली की ढोलक, व्हायोलिन, कोरस जसेच्या तसे वाजत राहतात, आणि दुसरी गायिका हेडफोन लावून त्याच जागी गाऊ शकते. १९९० च्या ‘दिल’मध्ये नेमके हेच झाल्याचे अलका याज्ञिक यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे: त्यांनी गायलेली गाणी अनुराधा पौडवाल यांच्या आवाजात बाजारात आली. चित्रपटाचे संगीत होते टी-सीरिजकडे, आणि पौडवाल त्या काळात त्या कंपनीचा प्रमुख आवाज होत्या. यात पौडवाल यांच्या गाण्याला कमी लेखण्याचे कारण नाही. मराठी भावगीत आणि चित्रपटसंगीतातून तयार झालेला त्यांचा स्वच्छ, नेमका आवाज त्या गाण्यांत उत्तम लागला आहे. पण कॅसेटच्या वेष्टनावरून श्रोत्याला एवढेही कळत नव्हते की या चालीवर आधी कुणीतरी मेहनत घेतली होती. ताल, ठेहराव, श्वासाच्या जागा यांतले काय पहिल्या मुद्रणातून पुढे आले आणि काय नवे, हा अभ्यासाचा प्रश्नच त्यामुळे उभा राहू शकला नाही.

रॅपमध्ये हाच प्रकार जास्त खोल कापतो. चित्रपटगीतात गायिका बदलली तरी कवीचे शब्द आणि संगीतकाराची चाल उरते. रॅपमधला पाहुणा आपले कडवे बहुधा स्वतः लिहितो आणि स्वतःच म्हणतो. आवाज गेला की मजकूर जातो आणि त्यासोबत एक बाजूच जाते. तमाशातल्या सवाल-जवाबातून जवाब उचलून घ्यावा, तसे गाणे उरते. मग उरलेल्या जागेचे काय करायचे? सोळा बारांच्या कडव्याच्या जागी बीट नुसती वाजू द्यायची, हुक म्हणजे ध्रुवपद आणखी एकदा घ्यायचे किंवा गाणेच आखूड करायचे. तिन्ही वाटांनी आधीच्या कडव्यातला पाहुण्याचा उल्लेख लटकत राहतो. मुंबईच्या स्वदेसी या गटाच्या ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये आरेचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. उद्या एखाद्या कराराच्या कलमामुळे तो काढला, तर त्या जागी कोणताही तयारीचा रॅपर बसवून भागणार नाही, कारण जंगल ज्याचे आहे त्याने बोलणे हाच त्या गाण्याचा आशय आहे.

यावर पहिला आक्षेप असा की पैसा कंपनीचा, जोखीम कंपनीची, म्हणून अंतिम शब्दही तिचाच. निवडीपुरते हे मला मान्य आहे. साठच्या दशकात रॉयल्टीच्या वादामुळे लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी काही वर्षे एकत्र गायले नाहीत. त्या काळात सुमन कल्याणपूर यांनी रफींबरोबर गायलेली द्वंद्वगीते आजही मनात घर करून आहेत. तो खुला पर्याय होता. गायिका दुसरी निवडली गेली, तिचे नाव छापले गेले, कुणाचे झालेले काम पुसले गेले नाही. निवड करणे आणि झालेले पुसणे यांत हा फरक आहे. दुसरा आक्षेप असा की बदललेली आवृत्ती अनेकदा चांगली असते. असेल; पण तुलना करायला पहिली आवृत्ती कुठेतरी असावी लागते. ‘मेरे गली में’ हे डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांचे २०१५ चे गाणे २०१९ च्या ‘गली बॉय’ चित्रपटात रणवीर सिंगच्या आवाजासह नव्याने आले. जुने गाणे जागेवर राहिले, नव्यावर तिघांची नावे आली, आणि कोणते सरस यावर आपण मोकळेपणाने वाद घालू शकतो. बदल असाच व्हायला हवा.

तिसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे: आजच्या कलाकाराची कमाई आणि ओळख मंचावरून होते, मुद्रणातले एक कडवे गेले तर काय बिघडले? जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. अशा मंचावरचा आवाज कुणी पुसू शकत नाही हे खरे. पण त्या मंचापर्यंत पोचणारे मोजके असतात. त्याच नेरूळच्या किंवा कुर्ल्याच्या गल्लीत लिहिणाऱ्या मुलासाठी नावाजलेल्या रॅपरच्या अल्बममधले एक कडवे हीच ओळखपत्रिका असते. मोठ्याचा आवाज काढला तर बातमी होते, नवख्याचा काढला तर त्याने काही केले होते याचा पुरावाच राहत नाही.

कायदा इथे अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३८-ब सादरकर्त्याला नैतिक हक्क देते: आपली ओळख नोंदवून घेण्याचा, आणि प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड रोखण्याचा. पण त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते की संपादनासाठी काही भाग नुसता काढणे, ठरावीक वेळेत बसवणे किंवा निव्वळ तांत्रिक कारणाने केलेला बदल यांना बाधा मानले जाणार नाही. चित्रपटाच्या संकलकासाठी ही सवलत रास्त आहे. पण कंपन्यांच्या भांडणातून काढलेले कडवेही ‘संपादन’ या नावाखाली याच दारातून बाहेर जाऊ शकते. ‘इस्रा’ या नावाने सुरू झालेली गायकांची संस्था २०१३ पासून रॉयल्टीसाठी झगडते आहे आणि तो झगडा आवश्यकच आहे. मात्र ज्याचा आवाजच मुद्रणात उरला नाही, त्याला रॉयल्टीच्या यादीतही जागा नसते. म्हणून नोंदीचा प्रश्न पैशाच्या प्रश्नाच्या आधी येतो.

स्ट्रीमिंगमुळे ही निकड वाढली आहे. कॅसेटच्या काळात एकदा विकलेली प्रत घराघरांत राहायची. आता कंपनी तिच्या जागी दुसरी फाइल ठेवते आणि श्रोत्याच्या यादीत तेच गाणे, त्याच नावाने, वेगळे वाजू लागते. कान्ये वेस्टच्या ‘द लाइफ ऑफ पाब्लो’मध्ये २०१६ साली प्रकाशनानंतर ‘वुल्व्हज’ या गाण्यातले पाहुणे आवाज बदलले गेले. तिथे कलाकाराने ते स्वतः, उघडपणे केले. पण तीच सोय कंपनीच्या हाती आहे, आणि तिला सांगण्याचे बंधन नाही. ते बंधन आणणे अवघड नाही. प्रत्येक बदललेल्या गाण्यावर आवृत्तीची तारीख असावी. श्रेयनामावलीत काढलेल्या किंवा बदललेल्या आवाजाचे नाव राहावे. मूळ मुद्रण विक्रीला नसले तरी अभ्यासासाठी जपले जावे. आणि पाहुण्या कलाकाराच्या करारात हे लेखी असावे. यातल्या कशानेही कंपनीचा व्यवसाय अडत नाही. कवितेच्या, नाटकाच्या पाठभेदांची नोंद आपण काटेकोरपणे ठेवतो. ध्वनिमुद्रित गाणे ही कला आहे असे मानत असू, तर तिच्या पाठभेदांची जबाबदारी कलाकार, कंपनी आणि समीक्षक यांनी मिळून घ्यायला हवी. सुरुवात समीक्षकांनी करावी. नव्या अल्बमवर लिहिताना ‘कोण गायले’ याच्या जोडीने ‘कुणाचा आवाज काढला’ हेही विचारावे आणि मिळालेले उत्तर छापावे.