ग्रॅनाइटची साक्ष

भूशास्त्रांतील वादग्रंथाची चिकित्सा वाङ्मयचर्चेच्या मासिकांत करण्याचें प्रयोजन काय, असें एखादा वाचक विचारील. आमचें उत्तर असें, कीं साक्षीपुराव्यावरून अनुमान कुठवर न्यावें हा प्रश्न टीकाकाराचाहि आहे, आणि एच्. एच्. रीड यांच्या ‘दि ग्रॅनाइट काँट्रोव्हर्सी’ या १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहांत तो फार स्पष्टपणें उभा राहतो. त्यांतील वाद आज बहुतांशीं मिटला आहे. तरीहि ग्रंथ वाचनीय कां राहिला आणि तो कोठें अपुरा पडतो, हें पाहण्यासारखें आहे.

वादाचें मूळ जुनें आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वेर्नरचे अनुयायी ग्रॅनाइट हा आद्य महासागरांतून साकळलेला सर्वांत पुरातन खडक मानीत. १७८५ सालीं जेम्स हटन यांनीं स्कॉटलंडांतील ग्लेन टिल्टच्या खोऱ्यांत तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा काळसर खडकांत शिरलेल्या पाहिल्या. जो दुसऱ्यांत शिरतो तो त्याहून धाकटा, आणि शिरतेवेळीं तो प्रवाही असला पाहिजे, असें अनुमान त्यांनीं काढलें. पुढें शिलारसवाद्यांचा पक्ष प्रबळ झाला. एन्. एल्. बोवेन यांनीं १९२८ च्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें, कीं बेसाल्टचा रस थिजत असतां खनिजें क्रमानें वेगळीं होत जातात व शेवटीं ग्रॅनाइटच्या घटनेचा रस उरूं शकतो. रीड यांचा आक्षेप येथेंच आहे. असा शेष रस थोडाच उरणार. मग पर्वतरांगांच्या गाभ्यांतील अफाट ग्रॅनाइट आला कोठून? तो बाहेरून आला म्हणावें, तर त्या जागीं पूर्वीं असलेला खडक गेला कोठें? म्हणून पुष्कळसा ग्रॅनाइट हें जुन्या खडकांचेंच रूपांतर होय, असा पक्ष त्यांनीं मांडला.

रीड यांची लेखणी वादपटु आहे. प्रतिपक्षाची थट्टा करण्याची संधि ते सहसा सोडीत नाहींत. परंतु ग्रंथाचें खरें मोल या खुमासदारपणांत नसून, ग्रॅनाइट एक नव्हे, अनेक आहेत, या आग्रहांत आहे. खोल जागीं सभोंवतालच्या खडकांत मिसळून गेलेला ग्रॅनाइट आधींचा, आणि वर चढून स्पष्ट कडांनीं वेगळा दिसणारा नंतरचा, अशी स्थलकालाची मालिका त्यांनीं लावली. १९५८ सालीं टटल आणि बोवेन यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. पाण्याच्या दाबाखालीं ग्रॅनाइटच्या घटनेचें द्रव्य सुमारें ६५० ते ७०० अंश सेल्सिअसलाच वितळूं लागतें, हें त्यांवरून दिसलें. एवढी उष्णता पर्वतांच्या मुळांशीं मिळूं शकते. तेव्हां, द्रव्य पुष्कळदां जुन्याच खडकांचें, हें रीड यांचें म्हणणें राहिलें. आणि मार्ग वितळण्याचा, हें बोवेन यांचेंहि राहिलें.

उणीव आम्हांस दिसते ती अशी. रीड यांच्या मालिकेंतील काल हा एका पर्वतनिर्मितीपुरता काल आहे. पृथ्वीच्या आयुष्यांत ग्रॅनाइट स्वतःच बदलत गेला काय, हा प्रश्न तिच्यांत मावत नाहीं. आज तो विचारतां येतो, कारण खडकांचीं वयें सांगणारें साधन हातीं आहे. झिर्कॉनचा बारीक स्फटिक घडतांना युरेनियम आंत घेतो व शिसें जवळजवळ नाकारतो. पुढें युरेनियमपासून झालेल्या शिशाच्या मापावरून त्याचें वय निघतें.

धारवाड प्रदेशाचें उदाहरण घ्या. कर्नाटकांतील या प्रदेशाच्या पायाशीं ३०० कोटि वर्षांहून जुने, सोडियमनें संपन्न असे करडे पट्टिताश्म आहेत. असे खडक पाण्याचा अंश असलेला बेसाल्ट खोलवर वितळून झाले; गार्नेट ज्या खोलीवर टिकतें तेथें हें वितळणें घडल्याची खूण त्यांतील पुष्कळांत सांपडते. त्यानंतर, सुमारें २५० कोटि वर्षांपूर्वीं, क्लोझपेट ग्रॅनाइट आला. क्लोझपेट हें रामनगरचें जुनें नांव. सुमारें ४०० किलोमीटर दक्षिणोत्तर पसरलेला हा ग्रॅनाइट पोटॅशियमनें संपन्न असून त्यांत फेल्स्पारचे मोठे गुलाबी स्फटिक आहेत. जुने पट्टिताश्म पुन्हां वितळून आणि खालच्या प्रावरणांतून आलेला रस त्यांत मिसळून तो झाला. सोडियमकडून पोटॅशियमकडे हा पालट इतर खंडांच्या जुन्या गाभ्यांतहि दिसतो. मात्र तो सर्वत्र एकाच वेळीं झाला नाहीं.

यावरून कांहीं अभ्यासक थेट असें म्हणतात, कीं भूपट्टांची हालचाल याच सुमारास सुरू झाली. येथें आम्ही सावध राहूं इच्छितों. खडक सांगतो तें आपलें मूळ द्रव्य, खोली आणि उष्णता. ओला बेसाल्ट खोल गेला हें त्यावरून कळतें. तो एका भूपट्टाखालीं दुसरा सरकल्यानें गेला, कीं जाड कवचाच्या तळाशीं दबल्यानें, हें एकट्या ग्रॅनाइटवरून ठरत नाहीं. त्यासाठीं खडकांच्या घड्या, त्यांतील चुंबकत्व आणि शेजारच्या रूपांतरित खडकांवरील दाब व उष्णता यांची साक्ष जोडावी लागते. ग्रॅनाइट एवढें मात्र निश्चित सांगतो, कीं त्या काळापर्यंत धारवाडचें कवच स्वतःच वितळून नवा खडक देण्याइतकें प्रौढ झालें होतें.

महाराष्ट्रीय वाचकांस हा विषय परका वाटूं नये. आपला काळा कातळ सुमारें ६.६ कोटि वर्षांचा. तो केवळ पांघरूण आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीस घेतलेल्या विंधनांत सुमारें ३४० मीटरांवर, आणि २०११ नंतर कोयनेच्या परिसरांतील विंधनांत सुमारें ९३० मीटरांवर, हें पांघरूण संपून ग्रॅनाइटजातीय प्राचीन पाया लागला. १९६७ पासून कोयनेला हादरविणारे धक्के बहुतेक त्याच पायांत उगम पावतात.

रीड यांचा ग्रंथ जिज्ञासूंनीं अवश्य वाचावा. त्यांतील उत्तरें जुनीं झालीं आहेत. परंतु एका नांवाखालीं अनेक खडक दडलेले असतात, हा त्यांतील इशारा जुना झालेला नाहीं. त्याला जोडून, एकाच खडकामागें अनेक कारणें संभवतात, हेंहि वाचकानें ध्यानीं ठेवावें.