उंबरठ्यापाशी थांबलेले 'तूफान'

मल्ल आणि मुष्टियोद्धा हे नाटककारांचे व चित्रपटकारांचे जुने आवडते नायक आहेत. याचे कारण उघड आहे. रिंगणात दोन माणसे समोरासमोर उभी राहतात आणि हौशी मुष्टियुद्धाच्या तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांत निकाल लागतो. परंतु खेळाडू रिंगणात येतो तो कोणत्या तरी घरातून, आणि हरला वा जिंकला तरी परततो तो घराकडेच. घरातल्या झुंजीला मात्र फेऱ्या नसतात, घंटा नसते आणि निकाल देणारा पंचही नसतो. या दोन झुंजींचा परस्परसंबंध किती खोलवर दाखविला गेला आहे, यावरच अशा कलाकृतीचे मोल ठरवावे असे आम्हांस वाटते. राकेश ओमप्रकाश मेहरा यांच्या 'तूफान' या हिंदी चित्रपटाचा विचार मराठी वाचकाने याच दृष्टीने करावा; कारण त्यातील रिंगण मुंबईचे असले, तरी ज्या घराभोवती सारे संविधानक फिरते ते दादरचे मराठी घर आहे.

हा चित्रपट 16 जुलै 2021 रोजी चित्रपटगृहांत न लागता ॲमेझॉन प्राइमवरून थेट घरोघरी पोहोचला. त्यामुळे डोंगरीतील प्रेक्षकाला आणि बालाघाट जिल्ह्यातील बैहरसारख्या, कान्हाच्या अरण्याजवळच्या गावातील प्रेक्षकाला तो एकाच दिवशी उपलब्ध झाला. आम्ही तो बैहरलाच पाहिला. 1956 पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत नागपूर निघून गेले, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला, आणि मराठी बोलणारी घरे सीमेच्या दोन्ही बाजूंस विभागली गेली. येथे आठवड्याच्या बाजारात गोंड, बैगा, पोवार, मराठे, मुसलमान एकमेकांना खेटून उभे असतात. सोयरिकीची गोष्ट निघाली की मात्र प्रत्येक जण आपापल्या उंबरठ्याआड जातो. 'तूफान'ची कथा आम्हांस परकी वाटली नाही ती यामुळेच.

अझीझ अली हा डोंगरीतील वसुली करणारा गुंड. अनन्या प्रभू या डॉक्टर मुलीच्या फटकाऱ्याने तो स्वतःकडे नव्याने पाहू लागतो आणि मुष्टियुद्ध शिकण्यासाठी नाना प्रभू या कठोर प्रशिक्षकाकडे जातो. अनन्या ही नानांचीच मुलगी. दहशतवादी हल्ल्यात पत्नी गमावलेल्या नानांच्या मनात मुसलमानांविषयी अढी आहे. तरीही रिंगणात उतरलेल्या मुलाचा हात त्यांना दिसतो, त्याचा धर्म दिसत नाही. अंजुम राजबली यांच्या पटकथेचा सर्वांत सखोल क्षण येथेच आहे. ज्याला शिष्य म्हणून नानांनी मनापासून स्वीकारले, त्याच्यावर आपल्या मुलीचे प्रेम आहे हे कळताच ते त्याला झिडकारतात. विद्येच्या क्षेत्रात जी समता त्यांना सहज साधली, ती घराच्या दारापाशी गळून पडते. नाना दुष्ट नाहीत. ते अर्धे उदार आहेत, आणि अर्ध्या औदार्याची शोकांतिका दुष्टपणाच्या शोकांतिकेहून अधिक खरी असते. परेश रावल यांनी हा माणूस आवाज न चढविताही उभा केला आहे. मोहन आगाशे यांच्या बाळाकाकाशी त्यांचे जे संवाद होतात, त्यांत दोन मराठी म्हातारे मित्र खरोखर बोलत असल्याचा भास होतो.

अझीझच्या पतनाचे कारणही पटकथाकाराने मार्मिकपणे योजले आहे. त्याला मोह होतो तो चैनीचा नव्हे, घराचा. भिन्नधर्मी जोडप्याला बिऱ्हाड मिळत नाही. पैसा हवा म्हणून तो सामना हरण्याची लाच घेतो, पकडला जातो आणि पाच वर्षांची बंदी ओढवून घेतो. महत्त्वाकांक्षा व कुटुंब यांतील द्वंद्व येथे नुसत्या उपदेशाचा विषय राहत नाही. ज्या घरासाठी खेळायचे, त्याच घरासाठी खेळ विकावा लागतो.

इथवर आम्ही चित्रपटाबरोबर होतो. यानंतर मात्र रेल्वेस्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत अनन्या मरते. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकावर घडलेल्या दुर्घटनेचे स्मरण व्हावे असाच हा प्रसंग आहे. पुढे नातीच्या ओढीने आजोबांचे मन वळते, सासरा व जावई एक होतात आणि अझीझ रिंगणात परततो. चित्रपट संपल्यावर आमच्याबरोबर बसलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "पोरगी जिवंत असती, तर बाप तिच्या घरी गेला असता का?" आमच्या सर्व आक्षेपाचे सार या एका प्रश्नात आहे.

मृत्यूने कथा संपविणे वा वळविणे हा दोष नव्हे. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त (1919) सिंधू मरते. परंतु तो मृत्यू सुधाकराच्याच हातून उगवतो, आणि म्हणूनच त्याचा पश्चात्ताप त्याला वाचवू शकत नाही. लुकिनो व्हिस्कॉन्ती यांच्या 'रोक्को आणि त्याचे भाऊ' (1960) या इटालियन चित्रपटातही दक्षिणेतून मिलानला आलेल्या गरीब कुटुंबातील दोन भाऊ मुष्टियोद्धे होतात. भावाचे देणे फेडण्यासाठी रोक्को मनाविरुद्ध रिंगणात उतरतो. इकडे तो जिंकत असता तिकडे तोच भाऊ सिमोने नादियाचा खून करतो. ते घर त्या खुनानंतर पुन्हा सांधत नाही. या दोन्ही कृतींत स्त्रीचा मृत्यू पुरुषांच्या वर्तनाचा जाब विचारतो. 'तूफान'मध्ये तो अपघात आहे, आणि अपघाताला उत्तरदायी कोणीच नसते. नानांना आपला हट्ट जिवंत मुलीसमोर सोडावा लागत नाही. तिच्या तसबिरीसमोर तो आपोआप विरघळतो. जी झुंज घरात व्हायला हवी होती, ती लेखकाने प्रतिस्पर्ध्यालाच उचलून नेऊन संपविली आहे.

शिवाय अनन्येची स्वतःची महत्त्वाकांक्षा कोठे गेली? ती डॉक्टर आहे, स्वतंत्र बुद्धीची आहे. धर्म न बदलता संसार मांडण्याचे धैर्य तिच्यात आहे. मृणाल ठाकूर यांनी तिला प्रसन्न तेज दिले आहे. तथापि तिचे सारे बळ नवऱ्याला उठविण्यातच खर्ची पडते. जिवंतपणी ती प्रेरणा, मृत्यूनंतर स्मृती. माणूस म्हणून तिच्या वाट्याला फारच थोडे क्षण आले आहेत.

फरहान अख्तर यांची शारीरिक साधना आणि सामन्यांचे चित्रण यांविषयी प्रशंसेचे शब्द खर्च करता येतील. ते चित्रपटाच्या वकुबाचा पुरावा आहेत. आमची खंत वकूब असूनही माघार घेतल्याची आहे. शिष्य आणि जावई यांच्यामधला उंबरठा या चित्रपटाने इतक्या स्पष्टपणे दाखविला की तो ओलांडला जाईल अशी आशा वाटावी. तो ओलांडण्यासाठी नानांना जिवंत मुलीच्या दारी उभे राहून दोन शब्द बोलावे लागले असते. तो प्रसंग कोणत्याही अंतिम सामन्याहून अवघड होता, आणि तोच लिहिला गेला नाही. बैहरच्या बाजारात रोज एकत्र येणारी आणि संध्याकाळी आपापल्या दाराआड जाणारी माणसे त्या प्रसंगाची वाट पाहत आहेत.