मळलेल्या पानांच्या बाजूने

फादर थॉमस स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणातली मराठीच्या गौरवाची ती ओवी आता कायमची फलकावर जाऊन बसली आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून तर ती हटकून दिसते. भाषादिनाच्या मंडपात, शाळेच्या भिंतीवर, मोबाइलवरच्या शुभेच्छांत. सुलतान बाजार, इसामिया बाजार, गवळीगुडा या आमच्या हैदराबादच्या जुन्या मराठी वस्तीतही ती मी पाहिली आणि तिच्याभोवतीची चौकट पाहून संतापलो. चौकट कुठल्याशा युरोपीय स्तोत्रग्रंथातून उचललेली होती. सोनेरी वेल, वेलीत एक ससा आणि डाव्या कोपऱ्यात भलंमोठं लॅटिन 'बी'. पहिल्या स्तोत्राचा पहिला लॅटिन शब्द ज्याने सुरू होतो, ते हे अक्षर. मराठी ओवीशी त्याचा काही संबंध नव्हता. सुंदर दिसतं म्हणून ते तिथे आणून बसवलं होतं.

मध्ययुगीन सचित्र स्तोत्रग्रंथांबद्दल गेल्या काही वर्षांत जे लिहिलं, छापलं आणि दाखवलं जातंय, त्यातला मोठा भाग याच वृत्तीचा आहे. सोनं दाखवायचं, निळाई दाखवायची, समासातली गमतीदार माकडं दाखवायची. हे पुस्तक कशासाठी होतं, कोण ते हातात धरत होतं, कोणत्या वेळी उघडत होतं, याची चौकशी नाही. त्या 'बी'चंच घ्या. ते एवढं मोठं का काढलं? बायबलातली स्तोत्रं एकूण 150. संत बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे मठात ती सगळीच्या सगळी दर आठवड्याला म्हणून व्हायला हवीत. गुरुचरित्राचा सप्ताह ज्या घरात होतो, त्या घरातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. मठाबाहेरच्या रोमन पद्धतीत रविवार ते शनिवार रात्रीची उपासना ज्या स्तोत्रांनी सुरू होई, ती लॅटिन क्रमाने 1, 26, 38, 52, 68, 80 आणि 97. रविवारच्या सायंप्रार्थनेचं 109. या आठ जागी अक्षर मोठं काढलं, त्यात चित्र भरलं, त्याला सोनं दिलं. मेणबत्तीच्या उजेडात, झोप डोळ्यांवर असताना, आज कुठून सुरू करायचं ते बोटाला आणि डोळ्याला चटकन सापडावं म्हणून. सोनं त्या उजेडात चमकतं, पान सापडतं, तोंडातून पहिला शब्द निघतो. ते अक्षर उपासनेचं अवजार होतं आणि म्हणूनच ते सुंदर आहे.

माझा सर्वांत आवडता स्तोत्रग्रंथ तर चित्रांत सोन्याचा एक ठिपकाही नसलेला आहे. उट्रेख्टचा ग्रंथ, नवव्या शतकाच्या पूर्वार्धात रॅंसच्या परिसरात झालेला. तपकिरी शाई, सरसर धावणारी रेघ आणि 166 रेखाचित्रं. त्या चित्रकाराने जे केलं ते मला आजही विलक्षण वाटतं. स्तोत्रातली प्रत्येक ओळ त्याने शब्दशः खरी मानली. लॅटिन क्रमातल्या 43व्या, म्हणजे आपल्या मराठी बायबलातल्या 44व्या स्तोत्रात भक्त देवाला जागं व्हायची विनवणी करतो. या चित्रकाराने देवाला खरोखरच पलंगावर निजवलं आहे आणि देवदूत त्याला उठवायला आले आहेत. युरोपातल्या अभ्यासकांनी यावर शब्दचित्र, उपमा, परंपरा असं पुष्कळ लिहिलं आहे. काकड आरतीला उभ्या राहिलेल्या माणसाला यातलं काहीच लागत नाही. देव निजतो, देवाला उठवावं लागतं, आणि त्याला उठवणं हा आपला हक्क आहे, हे त्याला ठाऊक असतं. हा ग्रंथ पुढे कॅंटरबरीला गेला, तिथे त्याच्या तीन मोठ्या नकला झाल्या, दर नकलेत रंग आणि सोनं वाढत गेलं. माझ्या मते दर नकलेत जीव थोडा थोडा कमी झाला.

दुसरा माझा ग्रंथ सेंट ऑल्बन्सचा, बाराव्या शतकातला. तो आज जर्मनीत हिल्डेसहाइमला आहे. मार्कयेटची क्रिस्टिना नावाची तपस्विनी आणि हा ग्रंथ यांचा संबंध अभ्यासकांनी जोडला आहे. 105व्या स्तोत्राच्या आद्याक्षरात एक स्त्री भिक्षूंना मागे घेऊन ख्रिस्तासमोर उभी आहे आणि ते अक्षर वेगळ्या तुकड्यावर काढून पानावर चिकटवलेलं आहे. कुणीतरी, कुणासाठी तरी, नंतर मुद्दाम लावलेलं. क्रिस्टिनाच्या चरित्रात एक प्रसंग येतो. तिच्या कोंदट खोपटात बेडूक शिरले आणि तिच्या मांडीवर सदैव उघड्या असलेल्या स्तोत्रग्रंथावर येऊन बसले. ती हलली नाही, स्तोत्रं थांबली नाहीत. मांडीवर, सदैव, उघडा. ग्रंथाचं सगळं शास्त्र या तीन शब्दांत आलं असं मला वाटतं.

म्हणूनच अलीकडच्या अभ्यासातली एकच वाट मला मनापासून भावली आहे. कॅथरिन रूडी या विदुषीने 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी छापखान्यातलं शाईची घनता मोजायचं यंत्र जुन्या प्रार्थनापुस्तकांच्या पानांवर लावलं आणि पानावरचा मळ मोजला. कुठलं पान किती हाताळलं गेलं, याची उतरंड तिने मांडली. प्लेगपासून वाचवणाऱ्या संत सेबॅस्टियनची प्रार्थना काळी पडलेली, इतर कित्येक पानं कोरी. पुढे तिने चुंबनांनी पुसलेले चेहरे, बोटांनी झिजलेले क्रूस, शपथेसाठी हात ठेवून ठेवून उडालेला रंग यांवर सविस्तर लिहिलं. शंभर वर्षं ज्याला नुकसान म्हटलं, तो या कलेचा खरा इतिहास निघाला. आपल्याकडे पारायणाच्या पोथीवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली असतात, ठरावीक अध्यायाचा कोपरा दुमडून मऊ झालेला असतो. अशा पोथ्यांची नोंद करताना आपली संग्रहालयं 'स्थिती: खराब' एवढं लिहून मोकळी होतात. त्या दोन शब्दांत किती पिढ्यांची भक्ती मातीमोल होते!

बाकीच्यांची दखल थोडक्यात पुरे. लटरेल स्तोत्रग्रंथातली नांगरणी आणि कापणी इतक्या पाठ्यपुस्तकांत छापून झाली आहे की त्या ग्रंथात स्तोत्रंही आहेत हे लोक विसरले. लाखो रुपयांच्या हुबेहूब प्रतिकृती कपाटासाठी निघतात. संगणकावरच्या प्रती उपकारक खऱ्या, पण ऑक्टोबर 2023च्या सायबर हल्ल्यात ब्रिटिश लायब्ररीची हस्तलिखितं पडद्यावरून एका रात्रीत गायब झाली, ते आठवावं. अमेरिकेतल्या सेंट जॉन्स मठाने डोनाल्ड जॅक्सनकडून 1998 ते 2011 या काळात चर्मपत्रावर पिसाच्या लेखणीने अख्खं बायबल लिहवून घेतलं. त्या धाडसाला मी वंदन करतो. पण त्याच्या मोठ्या प्रतिकृती 299च काढल्या गेल्या, आणि ते पान पाहताना मला नेहमी समोर काच असल्याचा भास होतो.

आता मराठीकडे. स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आला, 1616 मध्ये त्याचं पुराण रायतूर इथे छापलं गेलं, पुन्हा 1649 आणि 1654 मध्ये. रविवारी आणि सणावारी ते चर्चमध्ये मोठ्याने वाचलं जाई. ओवी, अवस्वरांची म्हणजे अध्यायांची रचना, वैकुंठासारखे शब्द, सगळं बेतलं ते कानासाठी, जमलेल्या लोकांसाठी. आपण ज्या उपासनाग्रंथाची गोष्ट करतो आहोत, त्याचं आपल्या भाषेतलं सर्वांत मोठं रूप हेच. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. 1684 मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडावी असा हुकूम काढला. तरी पुराण वाचलं, ते हाताने केलेल्या नकलांमुळे. माणसांना ते म्हणायचं होतं म्हणून ते उतरवून घेतलं गेलं. त्यातली एक देवनागरी प्रत लंडनच्या मार्सडन संग्रहात आहे. 1907 मध्ये मंगळूरला सालढाणांनी जी आवृत्ती काढली ती रोमनमध्ये. देवनागरीत अख्खं पुराण छापून हाती यायला शांताराम बंडेलूंच्या 1956च्या पुण्याच्या आवृत्तीपर्यंत थांबावं लागलं. स्वतः स्टीफन्सने मात्र 1608 मध्येच रोमला पत्र लिहून या भूमीच्या अक्षरांत पुस्तक छापायची परवानगी मागितली होती. त्याला पानाचं महत्त्व कळत होतं. आम्हाला अजून कळलेलं नाही. मराठीचे अभ्यासक या ग्रंथातून एक ओवी काढतात, भाषेचं प्रमाणपत्र म्हणून मिरवतात आणि उरलेल्या दहा हजारांहून अधिक ओव्यांवर झाकण ठेवतात. ज्या ओव्या रडत, गात, गुडघे टेकून म्हटल्या गेल्या, त्यांना आपण प्रशस्तिपत्राच्या पायरीवर आणून ठेवलं आहे.

प्रोटेस्टंट बाजूला पान मुळातच कोरं होतं. 1813 पासून मुंबईत काम करणारं अमेरिकन मराठी मिशन ज्या घराण्यातून आलं, तिथे उपासनेच्या पुस्तकात चित्र म्हणजे घसरण. ना. वा. टिळक, कृष्णरत्न सांगळे यांनी भजन, अभंग, कीर्तन आणून मराठी मंडळीचा कान परत मिळवला, आणि 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक आजही त्यावर जगतं. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांतून सोप्या मराठीत बायबल आणलं, ते केडगावला मुक्ती सदनातल्या बायकांनी छापलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या 'सुबोध बायबल'ने वाक्य आणखी मोकळं केलं. आमच्या जुन्या निजामी मुलखातही ही परंपरा होती. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी सालार जंगांच्या जमिनीवर बेथेल वसवलं, तिथे मराठीत प्रार्थना झाल्या. दोनशे वर्षं वाक्यावर एवढं काम झालं. डोळा मात्र उपाशीच राहिला. आणि उपाशी डोळ्याला आता जे मिळतं ते बघवत नाही: निळ्या डोळ्यांचा छापील ख्रिस्त, यंत्राने एका क्षणात बनवलेली गुळगुळीत चित्रं, गीताच्या ओळींमागे सरकणारे सूर्यास्त.

यावर नेहमीचं उत्तर येतं की आपल्याकडे तशी परंपराच नाही. हे मला मान्य नाही, आणि त्याबद्दल मी मागे हटणार नाही. ॲंजेलो द फोन्सेका हा गोव्याचा चित्रकार शांतिनिकेतनात शिकला, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्याने साडीतली मरिया काढली, आणि त्याबद्दल आपल्याच धर्मबांधवांची नाराजी सोसली. 1967 मध्ये तो गेला. त्याची चित्रं गोव्याच्या झेवियर सेंटरमध्ये जपली आहेत. पण त्याच्या मरियेशेजारी ओवी लिहून, बांधून, मांडीवर घेता येईल असं एक मराठी पुस्तक करावं, हे कुणाच्या मनात आलं नाही. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर चित्रकथी एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथीच म्हणतात. एकेक पान पुढे धरायचं आणि गायचं. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी पुण्याच्या केळकर संग्रहालयातली पानं याच घराण्यातली, आणि पैठण तर पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातलं गाव. चित्र, गाणं आणि उपासना यांची जी सांगड युरोपने स्तोत्रग्रंथात घातली, ती इथे मुळात होतीच. 2021 मध्ये परशुराम गंगावणेंना पद्मश्री मिळाली, टाळ्या झाल्या. एखाद्या मराठी चर्चने पिंगुळीला जाऊन ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा तुमच्या रेघेत काढून द्या असं म्हटल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

दुसरं उत्तर येतं कारागिरीचं: ते हात आता कुठे आहेत? सुलतान बाजारातून निघा, मुसी ओलांडा. सालार जंग संग्रहालयात याकूत अल-मुस्तासिमीच्या नावाचं तेराव्या शतकातलं कुराण आहे. तिथून जवळच छत्ता बाजार. तिथल्या कातिबांचं, म्हणजे सुलेखनकारांचं, काम संगणकाने हिरावलं, तरी ओळ कशी आखायची, समास किती सोडायचा, अक्षराच्या वजनाप्रमाणे नक्षी कुठे थांबवायची, हे जाणणारी माणसं या शहरात अजून आहेत. लिपी वेगळी आहे, पानाची शिस्त एकच आहे. हिंदू पोथी, इस्लामी किताब आणि ख्रिस्ती पुराण या तिन्हींचा शेजार ज्या दख्खनने शतकानुशतकं पाहिला, तिथल्या मराठी माणसाने ससा आणि वेल परदेशातून उचलावी?

तिसरा आक्षेप धर्मातून येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो: चित्र भक्ताला शब्दापासून दूर नेतं. नवव्या शतकातल्या बायझंटाइन ख्लुदोव स्तोत्रग्रंथाने याला उत्तर दिलेलं आहे. 68व्या स्तोत्रातल्या आंबेच्या ओळीशेजारी क्रुसावरच्या ख्रिस्ताला आंब पाजणारा सैनिक काढला आणि त्याच्याखाली ख्रिस्ताच्या प्रतिमेवर चुना फासणारा प्रतिमाभंजक. दोघांचे हात सारखेच उचललेले. चित्र तिथे शब्दाचा अर्थ लावतं, वाद घालतं, भक्ताला त्याच ओळीत खोल नेतं. शब्दापासून दूर नेणारं चित्र असतं, ते सजावटीचं. त्याच्याविरुद्ध मीही आहेच.

तेव्हा माझी मागणी अगदी ठरावीक आहे. क्रिस्तपुराणाच्या दुसऱ्या भागातले दुःखसहनाचे अवस्वर निवडावेत. देवनागरीत, मोठ्या अक्षरात, वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा सोडून ते लिहवून घ्यावेत. पिंगुळीच्या रेघेत चित्रं, प्रत्येक अवस्वराच्या आरंभी एक, जिथून त्या दिवसाचं वाचन सुरू होईल तिथेच. छपाई साध्या टिकाऊ कागदावर, बांधणी शिवलेली, किंमत एखाद्या पारायणाच्या पोथीएवढी. पहिल्या प्रती संग्रहालयाला देऊ नयेत. त्या वसईला, अहिल्यानगरला, जालन्याला, गोव्यात जिथे कुणी मागेल तिथे द्याव्यात, आणि पवित्र आठवड्यात त्यांतून मोठ्याने वाचावं. दहा वर्षांनी त्या प्रती गोळा करून कुठलं पान किती मळलं आहे ते पाहावं, आणि दुसरी आवृत्ती त्यावरून ठरवावी.