चौदा जानेवारी आणि आपण ग्वाल्हेरकर

यंदाच्या चौदा जानेवारीच्या कार्यक्रमानंतर चहा घेताना मंडळातल्या एका तरुण सभासदाने विचारलं, "काका, पानिपताचं हे अजून किती वर्षं चालायचं?" दोघे ज्येष्ठ त्याच्यावर चिडले. मला राग आला नाही, कारण व्याख्यान चालू असताना हाच प्रश्न माझ्याही डोक्यात घोळत होता. विश्वासरावांना गोळी लागली तिथे वक्त्यांचा आवाज कातर झाला. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले तिथे टाळ्या पडल्या. मग दोन मिनिटं शांतता आणि तिळगूळ. गेल्या वर्षीही हेच झालं होतं, वक्ते तेवढे वेगळे.

तिळगुळाचं आधी सांगून टाकतो. 'संक्रांत कोसळली' हा वाक्प्रचार पानिपतावरून आला, कारण लढाई ऐन संक्रांतीला झाली, असं दरवर्षी व्यासपीठावरून सांगितलं जातं. आपली निरयन संक्रांत इंग्रजी तारखेत दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एकेक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. म्हणजे १७६१ मध्ये ती त्याच्याही आधी, १० जानेवारीच्या आसपास येते. लढाई झाली पौष शुद्ध अष्टमीला, बुधवारी, १४ जानेवारीला. संक्रांत तोवर होऊन गेली होती. संक्रांतीच्या सुमारास पडले ते दत्ताजी शिंदे, आणि तेही वर्षभर आधी, १० जानेवारी १७६० ला, बुराडी घाटावर. शिंद्यांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या लष्करात आपण राहतो आणि आपल्याच कार्यक्रमात दत्ताजींच्या वाट्याला दीड वाक्य येतं!

आता मूळ मुद्दा. मी तीस वर्षं कालव्यांवर काम केलं. कालवा फुटला की अहवाल लिहावा लागतो. कुठे फुटला, का फुटला, नुकसान किती, आणि शेवटच्या रकान्यात पाणी पुन्हा केव्हा सुरू झालं. तो रकाना कोरा असेल तर साहेब फाइल परत पाठवायचे. आपल्या पानिपताच्या फाइलीत 'कुठे फुटला' याचीच पानं जाडजूड झाली आहेत. 'का' यावर थोडंफार बोललं जातं. शेवटचा रकाना मात्र कोराच.

'का' या प्रश्नाचं उत्तर रणांगणाइतकंच रसदेत आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतल्यावर अब्दाली यमुना उतरून आला आणि आपल्या फौजेचा दक्षिणेकडचा रस्ता बंद झाला. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, धान्याची उरलीसुरली आशाही संपली. लढवय्यांबरोबर बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे, सगळ्यांची तोंडं. लढाईच्या दिवशी माणसं उपाशी होती. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' वाचताना हे कळतं, पण आमच्याकडचे वक्ते सहसा १९८८ ची विश्वास पाटलांची कादंबरी वाचून येतात. कादंबरी वाईट नाही, मीही वाचताना रडलो आहे. पण रडू आलं म्हणजे कारण कळलं, असं होत नाही ना.

आणि पंधरा जानेवारीला काय झालं? वाचलेली माणसं थंडीत, अंगावरच्या कपड्यांनिशी दक्षिणेकडे निघाली. भरतपूरच्या सूरजमल जाटाने त्यांना अन्न दिलं, पांघरुणं दिली, जखमींची सोय केली आणि पुढे ग्वाल्हेरपर्यंत पोचवलं. मोहिमेत तो भाऊंना सोडून गेला होता हे खरं, तरी हेही तितकंच खरं. २०१९ च्या हिंदी चित्रपटात त्याला असा काही रंगवला की राजस्थानात निदर्शनं झाली. आठवणीचा अतिरेक म्हणतात तो मला इथे दिसतो. आपल्या शोकाच्या नाटकाला एक खलनायक हवा म्हणून, ज्याने आपल्या उपाशी माणसांना जेवू घातलं त्यालाच आपण ओढला.

ग्वाल्हेरपर्यंत, असं वर म्हटलं ते आपलंच ग्वाल्हेर. पानिपतापासून सुमारे चारशे किलोमीटर. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई इथवर आल्या, मल्हारराव होळकरही इथे होते. पराभवानंतर मराठ्यांनी पहिला श्वास घेतला तो या गावात, आणि इथल्या कार्यक्रमात त्याचा उल्लेख मी एकदाही ऐकलेला नाही. आपण पानिपताच्या मैदानावरच अडकून बसतो, माणसं आपल्या दारात येऊन उभी राहिली तरी.

महादजी शिंदे त्या दिवशी पायाने कायमचे अधू झाले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून वाचवलं, असं सांगतात. महादजींनी पुढे त्याला भाऊ मानलं. हाच राणेखान १७८८ मध्ये गुलाम कादिराविरुद्ध फौज घेऊन दिल्लीवर गेला. त्याआधी, १७७१ मध्येच, मराठे दिल्लीत परतले होते आणि जानेवारी १७७२ मध्ये शाह आलम त्यांच्या बळावर तख्तावर बसला. पानिपतापासून अकरा वर्षं झाली होती. माझ्या शेवटच्या रकान्यातली नोंद ती ही.

तेव्हा त्या मुलाला माझं उत्तर असं, की कार्यक्रम बंद करू नये. मेलेल्यांचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही, विशेषतः कैद होऊन गेलेल्या बायकांचा, आणि तो कुणी लावायला घेतला तर मी दोन तास सोडा, दोन दिवस बसेन. मला नको आहे ते दरवर्षी त्याच गोळीवर त्याच जागी रडणं.

पुढच्या वर्षासाठी मी वीस मिनिटं मागितली आहेत, विषय 'पानिपताहून ग्वाल्हेरपर्यंत'. वक्त्यांची यादी भरली आहे असं कळलं. त्या मुलाला सांगितलंय, नकाशा तू काढ, वेळेचं मी बघतो. नाहीच मिळाली तर तिळगूळ वाटेपर्यंत लोक थांबतातच.